चांदी उजळताना नेमके काय झिजते?

लग्नसराई तोंडावर आली की शिरूर आणि दौंडच्या सराफी दुकानांत दोन प्रकारची गिऱ्हाइके दिसू लागतात. एक नवे दागिने घेणारी आणि दुसरी घरातले जुने उजळून घेणारी. सासूबाईंचे तोडे, बाळाचे वाळे, वापरून मंद झालेली जोडवी, देवघरातले टाक असा ऐवज कापडाच्या पुरचुंडीतून काऊंटरवर येतो. काळाठिक्कर पडलेला हा ऐवज थोड्याच वेळात पांढराशुभ्र होऊन परत मिळतो आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. या व्यवहारात वजनकाट्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

चांदीचा काळेपणा हा वरून बसलेला मळ आहे, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. मळ, तेल, हळद-कुंकू हे चांदीवर बसते आणि धुतले की निघते. काळा थर हा चांदीवर बसलेला नसतो. तो चांदीचाच बनलेला असतो. हवेतील गंधकयुक्त वायूंशी संयोग होऊन पृष्ठभागावरच्या चांदीचे रूपांतर ‘सिल्व्हर सल्फाइड’ या काळ्या संयुगात होते. हा थर घासून काढला म्हणजे त्यात अडकलेली चांदीही गेली. एका वेळची घट इतकी सूक्ष्म असते की साध्या काट्यावर ती दिसणार नाही. पण तीस-चाळीस वर्षे दर सणाला राखेने किंवा रांगोळीने घासलेल्या दागिन्यावरची नक्षी बोटाला लागेनाशी होते, तेव्हा हिशेब समोर येतो. २०२५ मध्ये चांदीचा दर किलोमागे एक लाख रुपयांची पातळी ओलांडून बराच पुढे गेला. त्यानंतर तरी हा हिशेब मांडायला हवा.

रुपयाभार आणि टंच

घोड आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यांतील या दोन तालुक्यांत चांदी ही केवळ हौसेची वस्तू कधीच नव्हती. सोने पायात घालायचे नाही, हा संकेत महाराष्ट्रात सर्वत्र पाळला जातो. त्यामुळे पायातले सारे दागिने चांदीचे: जोडवी, विरोद्या, मासोळ्या, पैंजण, साखळ्या, तोडे, लहान मुलांचे वाळे. कमरेचा पट्टा आणि करगोटाही चांदीचाच. शेतकरी, मेंढपाळ आणि ऊसतोडणीसाठी हंगामी येणाऱ्या कुटुंबांत हा ऐवज म्हणजे स्त्रीच्या अंगावरची बचत असे. पीक गेले की तोडे गहाण पडत आणि साधले की सुटत.

जुन्या तोड्यांतील चांदी बहुधा नाण्यांतून आलेली असे. घरात साठलेले राणीछाप किंवा राजाछाप रुपये सोनाराकडे द्यायचे आणि त्याच वजनाचा दागिना करून घ्यायचा, अशी रीत होती. व्हिक्टोरिया राणीच्या मुद्रेचा तो रुपया वजनाने ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा भरे. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे, म्हणजे शेकडा ९१.६६. म्हणूनच जुन्या पिढीच्या तोंडी ‘चाळीस रुपयाभार तोडे’ असे मोजमाप येते. रुपया हेच नाणे आणि रुपया हेच वजन! दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, सरकारने रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले आणि १९४७ मध्ये तर रुपया निकेलचा झाला. नाणी आटवून दागिने करण्याची सोय त्याबरोबर संपली.

आज दुकानात ‘चांदी’ म्हणून मिळणारा प्रत्येक दागिना त्या तोडीचा नसतो. चांदीच्या व्यापारात शुद्धतेला ‘टंच’ म्हणतात. साठ टंच म्हणजे शंभर ग्रॅम वजनात साठ ग्रॅम चांदी आणि उरलेल्या भागात मुख्यतः तांबे. पैंजणासारखे दागिने कमी टंचाचे असणे ही काही लबाडीच असते असे नाही. ते सांगून, त्या भावात विकले तर तो सरळ व्यवहार आहे. अडचण येते ती मोड देताना. शंभर ग्रॅमच्या पैंजणाचे शंभर ग्रॅमचे पैसे मिळतील अशी अपेक्षा असते आणि हातात साठ ग्रॅमचा हिशेब पडतो. ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या धातूत तर चांदीचा अंशही नसतो; तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. बाजारातील स्वस्त ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिन्यांपैकी पुष्कळसे याच जातीचे असतात. ज्यांच्या त्वचेला निकेल सोसत नाही, त्यांना ते घातल्यावर खाज सुटते आणि दोष मात्र चांदीच्या पदरी पडतो.

मुशीपासून ओपणीपर्यंत

चांदीत तांबे मिसळणे ही मुळात गरज आहे. शुद्ध चांदी इतकी मऊ असते की तिचे जोडवे चार महिन्यांत वेडेवाकडे होईल. हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि ७५ भाग तांबे हे प्रमाण जगभर मान्य आहे. एवढ्या तांब्याने दागिन्याला ताठपणा येतो आणि पांढरा रंगही टिकतो.

हाताने दागिना घडवण्याची रीत गावोगावी थोड्याफार फरकाने सारखीच आहे. तोलून घेतलेली चांदी आणि तांबे मुशीत घालून शेगडीवर वितळवतात. शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबे सुमारे १,०८५ अंशांना. गंमत अशी, की दोन्ही एकत्र आल्यावर त्यांचे मिश्रण दोघांपेक्षाही कमी उष्णतेला पाणी होते. शेकडा ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबे असे प्रमाण असेल तर अवघ्या ७८० अंशांच्या आसपास. सोनाराच्या डाखाचे, म्हणजे सांधा जोडण्याच्या मिश्रणाचे सारे गणित या गुणावर उभे आहे. दागिना न वितळता सांधा मात्र वितळला पाहिजे, म्हणून डाखाची चांदी दागिन्याच्या चांदीपेक्षा कमी टंचाची ठेवतात. त्यात बहुधा थोडे जस्तही घालतात. जुन्या साखळीत कड्यांचे सांधे सर्वांत आधी काळवंडतात, त्याचे कारण हेच.

वितळलेला रस लोखंडी साच्यात ओतून त्याची कांडी करतात. ती ऐरणीवर ठोकून लांबवतात आणि तार हवी असेल तर जंत्रीतून ओढतात. जंत्री म्हणजे उतरत्या मापाची भोके असलेली पोलादी पट्टी. ठोकताना किंवा ओढताना धातू हळूहळू कडक येतो आणि तसाच पुढे रेटला तर तडकतो. म्हणून दर थोड्या वेळाने त्याला ताव द्यावा लागतो. लालसर होईपर्यंत तापवले की धातू पुन्हा मऊ पडतो. पोलाद तापवून पाण्यात बुडवले तर ते कठीण होते; चांदी आणि तांबे मात्र मऊच राहतात. लोहाराच्या आणि सोनाराच्या हातांची शिस्त वेगळी असते, ती यामुळे. तोड्याला पीळ द्यायचा असेल तर दोन-तीन तारा एकत्र वळतात. पत्र्यावर उठाव आणायचा असेल तर तो राळेवर बसवून मागून-पुढून छिन्नीने ठोकतात, किंवा कोरलेल्या ठशावर ठेवून हातोडीने दाबतात. सांध्यावर टाकणखार लावून डाख देतात. टाकणखारामुळे सांध्याला हवा लागत नाही आणि डाख सुरळीत पसरतो.

विस्तवातून निघालेला दागिना काळपट दिसतो, कारण तापताना मिश्रणातल्या तांब्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग झालेला असतो. तो काळपटपणा सौम्य आम्लाने काढतात. पूर्वी त्यासाठी चिंचेचे किंवा तुरटीचे उकळते पाणी वापरत. आता पातळ केलेले गंधकाम्ल वापरतात. या पाण्यात पृष्ठभागावरचे तांबे विरघळून जाते आणि चांदी राहते. परिणामी दागिन्याच्या अगदी वरच्या थरात आतल्यापेक्षा अधिक शुद्ध चांदी उरते. नव्या हातघडणीच्या दागिन्यावर जी दुधट, खडूसारखी पांढरी छटा दिसते, ती या थराची. त्यानंतर रिठ्याच्या पाण्याने धुऊन, ओपणीने घासून चकाकी आणली की काम पुरे होते. ओपणी म्हणजे गुळगुळीत पोलादाचा किंवा अकीकाचा घोटा. तिने धातू खरवडला जात नाही, तर दाबून सपाट होतो. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

यंत्राने ठसे मारण्याची आणि साच्यात ओतण्याची पद्धत रुळल्यापासून ही सारी कामे एका हाताखाली होणे दुर्मिळ झाले आहे. महाराष्ट्रात चांदीच्या कामाचे मोठे केंद्र म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी. तेथे एकाच पैंजणाचे वेगवेगळे टप्पे वेगवेगळ्या घरांत पार पडतात. तालुक्याच्या गावांतील दुकानांत तयार माल येतो तो अशा केंद्रांतून. स्थानिक कारागिराकडे उरते ते डागडुजीचे, मापाचे आणि उजळण्याचे काम.

कांदा, घोंगडी आणि नदीचा वास

चांदी काळी पडण्यास कारणीभूत होणारा मुख्य वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. कुजक्या अंड्याचा जो वास येतो, तो याचाच. हवेत त्याचे प्रमाण अत्यल्प असले तरी चांदीला ते पुरते. आधी पिवळसर, मग तांबूस-तपकिरी, निळसर आणि शेवटी काळा असा रंगांचा क्रम लागतो. हे रंग थराच्या जाडीप्रमाणे बदलतात. पूर्ण काळा दिसणारा थरही माणसाच्या केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ असू शकतो. हवेत ओल असली की ही क्रिया वेगाने होते, म्हणून पावसाळ्यात कपाटातली चांदीही मंद होते.

या दोन तालुक्यांत गंधकाचे मार्ग पुष्कळ आहेत. कांद्याच्या उग्र वासामागे गंधकाचीच संयुगे असतात, त्यामुळे कांदा काढणीत किंवा चाळीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या अंगठ्या लवकर काळवंडतात. भुरी रोगावर पिकांवर गंधकाची भुकटी धुरळतात किंवा फवारतात. तिच्याशी चांदीचा थेट संबंध आला तर एका दिवसात फरक दिसतो. पुणे शहराचे सांडपाणी पोटात घेऊन येणारी मुळा-मुठा दौंड तालुक्यातून वाहत रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. साचलेले सांडपाणी कुजून ज्या दिवसांत नदीकाठी वास सुटतो, त्या दिवसांत देवघरातली निरांजने का काळी पडली, याचे उत्तर वेगळे शोधण्याचे कारण नाही. साखर कारखान्यांच्या आणि मद्यार्क प्रकल्पांच्या कुजणाऱ्या सांडपाण्यालाही हेच लागू आहे. दिवाळीच्या फटाक्यांच्या धुरातही गंधक असतोच.

घरातही काही शत्रू दडलेले असतात. लोकर हे केसांसारखेच प्रथिन असून त्यात गंधक असतो. मेंढपाळी करणाऱ्या घरांत दागिने घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवण्याची सवय आढळते. धूळ आणि धक्का यांपासून घोंगडी जपते, पण चांदीला ती काळी करते. पैंजणांच्या जोडीला रबरबँड लावून ठेवला तर जिथे रबर टेकते तिथे काळा वळ उमटतो. अंड्याचा बलक, त्वचारोगावरची गंधकाची मलमे आणि केसांना लावायची काही रसायने यांचाही परिणाम होतो. घामातले मीठ आणि पोहण्याच्या तलावातील क्लोरीन हे निराळ्या वाटेने चांदीला खातात. ‘अमक्याच्या अंगाला चांदी लाभत नाही’ असे जे म्हणतात, त्याचा संबंध ग्रहांपेक्षा घाम, साबण आणि कामाच्या जागेशी अधिक असतो. नित्य अंगावर असणारा दागिना पेटीतल्यापेक्षा उजळ राहतो, हाही सर्वांचा अनुभव आहे. कपड्याच्या आणि त्वचेच्या घर्षणाने थर जमायच्या आतच पुसला जातो.

राख, रांगोळी आणि अॅल्युमिनियमचा कागद

सोनाराच्या दुकानापुढची माती आणि दुकानातला केर विकत घेऊन, तो धुऊन त्यातील सोन्या-चांदीचे कण वेचणाऱ्यांना ‘झारेकरी’ म्हणतात. घासण्या-कानसण्यातून धातू किती उडत असेल, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. दुकानात फिरत्या चाकावर दागिना धरून चमकवतात तेव्हाही त्या धुळीत चांदी असतेच. घरी तीच धूळ मोरीतून वाहून जाते.

राख, रांगोळी आणि दंतमंजन या तिन्ही वस्तू चांदीपेक्षा कठीण कणांच्या असतात. रांगोळी ही दगडाचीच भुकटी. टूथपेस्टमध्येही दातावरचा थर घासण्यासाठी बारीक कण घातलेले असतात. दाताचे कवच त्यांना पुरून उरते. चांदीवर मात्र ओरखडे उठतात. ओरखड्यांच्या खोबणीत पुढच्या वेळी काळेपणा आणखी पक्का बसतो आणि म्हणून पुढच्या वेळी आणखी जोर लावावा लागतो. हे दुष्टचक्र अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे.

यापेक्षा सौम्य मार्ग उपलब्ध आहेत. मंद झालेल्या दागिन्याला कोमट पाणी, रिठ्याचा फेस किंवा सौम्य साबण आणि मऊ सुती फडके एवढे बहुधा पुरते. सांध्यांत आणि नक्षीत मऊ कुंचला फिरवावा, साध्या पाण्यात खळबळून काढावे आणि पूर्ण कोरडे करावे. बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास ते अंगावर सुकू देऊ नये, क्षारांचे डाग राहतात.

पक्का काळा थर काढण्यासाठी अॅल्युमिनियमचा उपयोग करता येतो. भांड्यात तळाशी अॅल्युमिनियमचा कागद अंथरायचा, त्यावर दागिना कागदाला टेकेल असा ठेवायचा, वर खाण्याचा सोडा घालून कढत पाणी ओतायचे. काही मिनिटांत काळेपणा उतरू लागतो आणि कुजक्या अंड्याचा किंचित वास येतो. चांदीला चिकटलेला गंधक अॅल्युमिनियमकडे जातो आणि थरातील चांदी पुन्हा चांदी होऊन बरीचशी जागच्या जागी राहते. घासण्याच्या तुलनेत या पद्धतीत धातूची घट फारच कमी होते. चमक मात्र थोडी मंद दिसते. ती मऊ फडक्याने आणता येते.

ही पद्धत सरसकट वापरता येत नाही, हेही तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे. मोती, पोवळे किंवा चिकटवलेले खडे असलेले दागिने कढत पाण्यात घालू नयेत. जुने पोकळ तोडे, पेट्या आणि ताईत यांच्या पोटात लाख भरलेली असते. ती उष्णतेने वितळते आणि पत्रा आत दबतो. ज्या दागिन्यांच्या नक्षीच्या खाचा कारागिराने मुद्दाम काळ्या ठेवलेल्या असतात, त्यांचे तर सौंदर्यच धुऊन निघते. उठावदार काम दिसते ते त्या काळ्या रेषांमुळे. सगळे पांढरे झाले की दागिना नवा वाटत नाही, तर सपाट दिसतो. बाजारात मिळणाऱ्या, दागिना बुडवून काढायच्या द्रावणांबाबतही हीच सावधगिरी हवी. त्यांत आम्ल असते, आणि द्रावण सांध्यात राहून गेले तर दागिना आतून खातो.

टाकांचे हरवणारे चेहरे

या झिजेचा सर्वांत ठळक बळी म्हणजे देवघरातले टाक. दौंडच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात जेजुरी असल्याने या भागातील असंख्य घरांत खंडोबाचा टाक पूजेत असतो. त्याच्याबरोबर भैरवनाथ, तुळजाभवानी आणि घरातले वीर-पितर. चांदीचा पातळ पत्रा कोरीव ठशावर ठोकून देवाची आकृती उठवतात आणि अनेक टाकांना पाठीमागून तांब्याचा पत्रा जोडतात. घोड्यावरचा खंडोबा, मागे बसलेली म्हाळसा, पायाशी कुत्रा असा सारा देखावा दोन बोटांच्या जागेत मावतो. उठाव जेमतेम काही दोऱ्यांचा असतो आणि पत्रा पातळ.

अशा टाकाला रोज दूध, दही, हळद-भंडारा लागतो आणि दर सणाला चिंच लावून किंवा राखेने घासणे होते. आधी देवाचे डोळे जातात, मग नाक आणि शेवटी स्वार व घोडा एकच उंचवटा होऊन राहतात. कडेने चांदी फाटली की मागचे तांबे उघडे पडते आणि त्या फटीतून ओल शिरून हिरवा गंज धरतो. झिजलेला टाक पूजेत ठेवू नये असा अनेक घरांत संकेत असल्याने तो मोडीत जातो आणि नवा येतो. नवा टाक बहुधा यंत्राच्या ठशाचा असतो. जुन्या ठशांचे देव ओळखता येण्यासारखे वेगळे असत. तो वेगळेपणा असाच नकळत घासला गेला. टाकाला घासण्याऐवजी अभिषेकानंतर लगेच साध्या पाण्याने धुऊन टिपून घेणे, एवढ्यानेही पुष्कळ वर्षांची सोय होते. चिंच लावायचीच असेल तर तिचा कोळ गाळून घ्यावा आणि अधिक वेळ ठेवू नये.

तांब्याची हिरवाई

चांदीला टंच देणारे तांबे स्वतः दागिना म्हणून या भागात फार जुने आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सन पूर्व १६०० ते ७०० या दरम्यान तेथे नांदलेल्या शेतकऱ्यांच्या वस्तीत तांब्याची हत्यारे, मासेमारीचे गळ, बांगड्या आणि मणी सापडले. दख्खनच्या काळ्या खडकात तांब्याच्या मोठ्या खाणी नाहीत, म्हणजे हा धातू दूरवरून येत असणार आणि म्हणूनच तो जपून वापरला जात असणार.

त्याच काळातील नेवासे येथील एका लहान मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी ज्यात ओवले होते तो धागाही काही अंशी टिकून होता, आणि तपासणीत त्यात सुताबरोबर रेशमाचे तंतू आढळले. घोड नदीवरच्याच चांडोली येथे तांब्याच्या मण्यांत जवसाच्या तंतूंचा धागा मिळाला. तीन हजार वर्षे मातीत धागा का कुजला नाही? तांब्यावर चढलेल्या हिरव्या गंजातील क्षार जंतूंना वाढू देत नाहीत, हे त्याचे कारण. ती माळ कोणी चिंचेने लख्ख घासली असती, तर त्या काळच्या वस्त्रविद्येचा हा दुर्मिळ पुरावा त्या हिरव्या पाण्याबरोबर वाहून गेला असता. शेतात नांगरताना जुने कडे किंवा नाणे सापडले तर ते धुऊन-घासून न्यायचे नसते, ते यासाठी.

रोजच्या वापरातील तांब्याची गोष्ट निराळी. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याचा पत्रा ठोकून त्यावर हातोडीच्या चकचकीत टिकल्यांची नक्षी उमटवण्याचे ‘मठारकाम’ चालत आले आहे. मठारल्याने पत्रा देखणा दिसतो, तसाच तो कडकही होतो. हातठोक्याच्या तांब्याच्या कड्यालाही हाच न्याय लागतो; हातोडीचे घाव ही शोभा आहेच, शिवाय तीच त्याची ताकद. असे कडे सारखे उघड-मीट करून घालू नये. तांबे पुन्हापुन्हा वाकवल्यास कडक येऊन तडकते.

तांबे हवेत आधी तपकिरी होते. घाम आणि ओल मिळाली की हिरवे पडते. मनगटावर उमटणारा हिरवा डाग तांब्याच्या क्षारांचा असतो आणि साबणाने निघतो. न कल्हई केलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकते, हे घरोघरी ठाऊक असते. मनगटावर घडते ते त्याच जातीचे. लिंबू-मीठ किंवा चिंच लावल्यास तांबे क्षणात लाल होते, पण आम्ल आणि मीठ धातूवर राहिले तर दुसऱ्या दिवशी अधिक जोमाने हिरवे येते. म्हणून नंतर भरपूर पाण्याने धुणे आणि कोरडे करणे हा या उपायाचा अर्धा भाग आहे. चांदीवर तांब्याचे काम असलेल्या दागिन्याला लिंबू-मीठ लावूच नये.

तांब्याच्या कड्याने सांधेदुखी थांबते, ही समजूत केवळ आपल्याकडचीच नाही. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी तिची रीतसर परीक्षा घेतली. २००९ मध्ये झिजेच्या संधिवाताच्या ४५ रुग्णांवर आणि २०१३ मध्ये आमवाताच्या ७० रुग्णांवर केलेल्या चाचण्यांत तांब्याच्या कड्यांचा वेदनेवर मानसिक समाधानापलीकडे परिणाम आढळला नाही. कडे आवडते म्हणून जरूर घालावे. औषध बंद करून घालू नये.

दारावर येणारा उजळणारा

‘दागिने पॉलिश करून देतो’ म्हणत दुपारच्या वेळी, घरात बाया-माणसे एकटी असताना दारावर येणाऱ्यांविषयी पोलीस वारंवार सावध करत आले आहेत. त्यांची रीत ठरलेली असते. आधी पितळेचे एखादे भांडे किंवा चांदीचे पैंजण फुकट चमकवून दाखवायचे, विश्वास बसला की सोन्याची मागणी करायची. दागिने हळदीच्या पाण्यात घालून डबा किंवा कुकर बंद करायला सांगायचा आणि थंड झाल्यावर उघडा म्हणत पसार व्हायचे. कधी दागिनेच नाहीसे होतात, कधी दागिने जागेवर असतात पण हलके झालेले.

हलके होण्याचे रहस्य रसायनात आहे. नायट्रिक आम्ल चांदी आणि तांबे दोन्ही विरघळवते. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळले की होणारे ‘आम्लराज’ सोन्यालाही सोडत नाही. दागिना बुडवून काढला की तो उजळलेला दिसतो, कारण वरचा थर द्रावणात गेलेला असतो. नायट्रिक आम्लात उतरलेली चांदी परत मिळवणेही अवघड नाही. त्यात तांब्याचा तुकडा टाकला तरी चांदी त्यावर भुरभुर जमते आणि द्रावण निळे होते.

यावर उपाय वजनाचा. दुकानात उजळायला देताना आणि परत घेताना दागिना समोर तोलून घ्यावा, आणि दोन्ही आकडे पावतीवर असावेत. नवी खरेदी करताना वजनाबरोबर टंच, घडणावळ आणि मोडीच्या वेळी धरली जाणारी घट लेखी घ्यावी. चांदीसाठी भारतीय मानक ब्यूरोची हॉलमार्क योजना २००५ पासून आहे. सप्टेंबर २०२५ पासून तीत प्रत्येक दागिन्याला सहा अंक-अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक देण्याची सोय झाली. मात्र सोन्याप्रमाणे ती सक्तीची न करता स्वैच्छिक ठेवण्यात आली. ८००, ८३५, ९२५, ९७०, ९९० असे आकडे हजार भागांतील चांदी सांगतात.

राणीछाप रुपये आटवून केलेल्या तोड्यांवर अर्थातच असा शिक्का नसतो. दुकानांतील क्ष-किरणांच्या यंत्रावर त्यांची शुद्धता काही सेकंदांत कळते खरी, पण हे यंत्र वरचा थरच वाचते. चिंच-तुरटीच्या पाण्यातून निघताना त्या थरातले तांबे आधीच गेलेले असते. त्यामुळे पडद्यावरचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा वर दिसू शकतो. अचूक टंच हवा असेल तर आतल्या बाजूने किंचित कानसून तिथला धातू तपासावा लागतो.